वाटाण्याचा अंकुर

मराठीत ‘आरंभशूर’ हा शब्द चांगला रुळलेला आहे. काम हाती घ्यायचे, चार दिवस गाजावाजा करायचा आणि पाचव्या दिवशी अंग काढून घ्यायचे, अशा माणसाला आपल्या भाषेने दिलेले हे नाव आहे. परंतु जो आरंभच करीत नाही, नुसते आराखडे काढीत बसतो, त्याच्यासाठी इतका बोचरा शब्द मला आढळला नाही. मी माझ्यापुरता ‘संकल्पशूर’ असा शब्द करून घेतला आहे. भाषाविषयाच्या प्राध्यापकांनी तो नापास केला तरी चालेल. त्या जातीची माणसे मात्र आपल्या महाविद्यालयाच्या आवारात भरपूर आहेत, हे त्यांनाही मान्य करावे लागेल.

कोणी कादंबरी लिहिणार असतो. तिची प्रकरणे, पात्रांची वंशावळ आणि अर्पणपत्रिका तयार असते. कोणी नाशिकच्या जुन्या वाड्यांचा इतिहास लिहिणार असतो. त्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा याची चर्चा दोन सत्रे चालू असते. कोणाला चित्रांचे प्रदर्शन भरवायचे असते. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर त्याला पाठ असतो, चित्रे तेवढी व्हायची असतात. ही सगळी मंडळी आळशी आहेत असे मला म्हणवत नाही. आळशी माणूस इतके कष्ट घेऊन तक्ते आखीत नाही. त्यांच्या कष्टांची दिशा कुठे वळते, हा प्रश्न आहे.

आपल्या गावात तर संकल्पाचा शास्त्रशुद्ध विधी रोज पाहायला मिळतो. रामकुंडावर सकाळी जाऊन उभे राहावे. उपाध्याय यजमानाच्या ओंजळीत पाणी घालतात, गोदावरीचा तीर, तिथी, वार, गोत्र यांचा उच्चार करवतात, काय करायचे ते एका वाक्यात वदवतात आणि लगेच पाणी सोडायला लावतात. सगळा प्रकार एक-दोन मिनिटांत आटोपतो. पाणी ओंजळीत धरून ठेवायची सोयच नाही, ते बोटांमधून गळते! संकल्पाला जोडूनच कृती यावी अशी ती योजना आहे. आपण विधीतला पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला.

हा विषय मनात घोळत असताना मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचे उदाहरण अभ्यासावेसे वाटले. दादासाहेब फाळके, म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी नाशिकातच देह ठेवला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे आणि आपण सहलीला तिथे जाऊन आलेलो आहोत. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा परेश मोकाशी यांचा २००९ सालचा चित्रपटही अनेकांनी पाहिला असेल. त्यामुळे ‘राजा हरिश्चंद्र’ हा १९१३ सालचा चित्रपट त्यांनी काढला, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या आधी त्यांनी काय केले, हे मात्र घाईघाईने सांगून टाकले जाते. माझ्या दृष्टीने खरा धडा तिथेच आहे.

मुंबईत गिरगावच्या एका तंबूवजा चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून फाळके भारावले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. वयाची चाळिशी आलेली, जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुराणवस्तू खात्यातील नोकरी, लोणावळ्याचा आणि मग दादरचा छापखाना असे बरेच पाणी पुलाखालून गेलेले. ख्रिस्ताच्या जागी आपले राम-कृष्ण पडद्यावर हलताना कधी दिसतील, हा विचार त्यांच्या मनात आला. संकल्प म्हणून पाहिले तर याहून मोठा संकल्प नाही. एका देशाच्या सगळ्या पुराणांना पडद्यावर आणायचे, आणि त्या देशात हे काम शिकवणारा कोणी नाही!

या मनुष्याने त्यानंतर काय केले? एक खेळण्यातला कॅमेरा आणि काही फिती मिळवल्या आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर चित्रे पाडायला सुरुवात केली. दिवसाला चार-पाच तास चित्रपट पाहावेत, रात्री हा खेळ करावा. जागरणाने डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टी गेल्यासारखी झाली, डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी ती परत आली. पुढे विम्याच्या बारा हजारांच्या पॉलिस्या गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते इंग्लंडला निघाले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात पडू नका असेच सांगितले. मग त्यांची चिकाटी पाहून सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत नेले. तिथे कामाची पद्धत पाहून, पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कोडॅकची कोरी फीत आणि फितीला भोके पाडायचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिल १९१२ रोजी परत आले. म्हणजे जाऊन येऊन दोन महिने, आणि त्यातला मोठा भाग बोटीवर.

आता यंत्र आले. हरिश्चंद्राची कथा, राजवाडा, गंगातीर, स्मशान, विश्वामित्र, सगळे डोक्यात तयार असणार. नटांची जाहिरात देण्याची वेळ हीच. परंतु यंत्राची जोडणी झाल्यावर त्यांनी घरातल्या माणसांची थोडी दृश्ये घेऊन पाहिली आणि मग कुंडीत एक वाटाणा लावला.

त्या वाटाण्याचे चित्रण ते महिनाभराहून अधिक काळ करीत राहिले. बी रुजते, अंकुर फुटतो, वेल वर चढतो. या साऱ्याची मिनिटभराची एक फीत झाली, ‘अंकुराची वाढ’. ती फीत त्यांनी निवडक लोकांना दाखवली. पाहणाऱ्यांपैकी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी पैसे कर्जाऊ द्यायची तयारी दाखवली आणि मगच ‘राजा हरिश्चंद्र’च्या कामाला हात लागला.

इथे थोडे गणित करण्याचा मोह मला आवरत नाही, कलाशाखेच्या वाचकांनी क्षमा करावी. ‘फाळके रोज एक चित्र घेत’ असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. ऐकायला ते छान वाटते, पण जमत नाही. त्या काळी हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण १६ चित्रे जात. मिनिटाला झाली ९६०. रोज एकच चित्र घेतले तर महिन्याची तीस चित्रे, म्हणजे पडद्यावर दोन सेकंदही नाहीत. वाटाणा दिसायच्या आत खेळ खलास! मिनिटभराची फीत महिन्यात पुरी करायची तर रोज सरासरी ३२ चित्रे हवीत. दिवसाचा उजेड बारा तास धरला तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक. एकदा कॅमेरा रोखला की त्याला धक्का लागू द्यायचा नाही, कुंडी हलवायची नाही, घरातल्या मुलांना तिकडे फिरकू द्यायचे नाही, आणि सूर्य सरकतो तशी प्रकाशाची व्यवस्था सांभाळायची. दंतकथेतल्या फाळक्यांपेक्षा या गणितातले फाळके मला अधिक मोठे वाटतात.

आणखी एक हिशेब. फितीच्या एका फुटात १६ चित्रे बसतात, तेव्हा मिनिटभराची फीत साठ फूट झाली. कोरी फीत भोकांशिवाय येई. दोन्ही कडांना भोके घरीच पाडावी लागत, तीही अंधारात. प्रत्येक चित्राला एका कडेला चार, म्हणजे दोन्ही कडा मिळून फुटाला १२८ भोके. साठ फुटांना ७,६८० झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती, त्या लांबीला चार लाख ७३ हजारांवर भोके होतात. हे काम घरात सरस्वतीबाई फाळके करीत. चित्रण चालू असताना साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड वळवणे आणि रात्री फितीची भोके, असा त्यांचा दिवस असे. त्यांचे दागिनेही या कामी गहाण पडले. चार लाखांच्या आधी साडेसात हजारांवर हात बसला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

वाटाणाच का निवडला असेल? हे माझे अनुमान आहे, पण सांगतो. वाटाणा रोजंदारी मागत नाही. त्याला संवाद नाहीत, पोशाख नाही, तो स्त्रीभूमिका करायला नकार देत नाही. (हरिश्चंद्राच्या तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या उपाहारगृहात काम करणारे साळुंके यांना पगार वाढवून आणावे लागले, हे आपण जाणतोच.) तो चटकन वाढतो आणि वाढताना जागा सोडत नाही. त्याची वाढ डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसते. म्हणजे जे फक्त याच यंत्राला करता येते तेच त्याने करून दाखवले. पैसे देणाऱ्यापुढे शंभर पानी योजना ठेवण्यापेक्षा ही साठ फूट फीत भारी पडली असणार.

परंतु या फितीचा मला दिसलेला खरा गुण निराळाच आहे. ती लहान होती, पण अर्धवट नव्हती. भोके पाडणे, फीत भरणे, प्रकाशाचा अंदाज घेणे, चित्र घेणे, अंधाऱ्या खोलीत ती धुणे, तिच्यावरून दुसरी प्रत काढणे आणि शेवटी भिंतीवर लोकांना दाखवणे, ही सगळी साखळी तिने एकदा पुरी केली. यातली एक कडी जरी कच्ची असती तरी भिंतीवर वाटाणा उगवला नसता. आपण सुरुवात करतो ती बहुधा याच्या उलट. कादंबरी लिहायची म्हणून पहिल्या प्रकरणाची पंधरा पाने लिहितो आणि थांबतो. त्यात शेवट कसा करावा, पुनर्लेखन कसे करावे, दुसऱ्याला वाचायला देताना काय होते, यांतले काहीच येत नाही. त्यापेक्षा दोन पानांची, पण संपलेली कथा अधिक शिकवील. ‘लहान सुरुवात’ याचा अर्थ मोठ्या वस्तूचा तुकडा असा घेतला जातो. वाटाण्याची फीत ही हरिश्चंद्राचा तुकडा नव्हती, ती स्वतःच एक पुरी वस्तू होती.

कोणी म्हणेल, विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून विलायतेला जाणे ही लहान सुरुवात कशी? रास्त आक्षेप आहे. फाळक्यांनी मोठी उडी घेतली आणि कुटुंबाला तिची झळ बसली. सरसकट अनुकरण करावे असे ते साहस नाही. त्यांनी पूर्वतयारीही कमी केली नाही. पण त्यांची तयारी कोणत्या प्रकारची होती ते पाहावे. मेणबत्ती आणि भिंग घेऊन बसणे ही तयारी होती, तसेच पुढल्या खेळाला पुन्हा जाऊन बसणेही. प्रत्येक पायरीला काहीतरी हातात येत होते किंवा डोळ्यांना दिसत होते. अभ्यास आणि आराखडा यांत मला हा फरक वाटतो. अभ्यासात वस्तू आपल्याला उत्तर देते, आणि पुष्कळदा नाही म्हणते. आराखडा कधीच नाही म्हणत नाही. म्हणून तर तो इतका सुखाचा असतो.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला आणला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, पुढे १९१७ चा ‘लंकादहन’ ही इथली निर्मिती. परंतु एकदा मोठे काम साधल्यावर त्यांनी लहान काम टाकून दिले नाही. आगपेटीतल्या काड्या एकेक चित्र घेत हलवून केलेली ‘आगकाड्यांची मौज’, चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी फीत, तळेगावच्या काचकारखान्याची फीत, अशी कितीतरी छोटी कामे त्यांनी केली. (तो काचकारखाना पैसा फंडातून उभा राहिला होता. माणशी एक पैसा गोळा करून उद्योग काढावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. तोही एक वाटाणाच.) महायुद्धामुळे भांडवल आटले, तेव्हा हीच छोटी कामे हाताशी होती.

उलट चित्र शेवटी शेवटी दिसते. ‘सेतुबंधन’ हा त्यांचा भव्य मूकपट पैशांअभावी रखडत दोनेक वर्षे चालला आणि १९३२ साली पुरा झाला. तोवर १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित होऊन पडदा बोलू लागला होता. ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. यात फाळक्यांचा दोष काढण्याचे कारण नाही, काळच तसा आला. पण लांबलेल्या कामाच्या पाठीमागे जग थांबून राहत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

जग थांबत नाही याचा आमच्या वर्गातला एक दाखला सांगतो, कारण विषय मला सुचला तो त्यावरूनच. माझी एक वर्गमैत्रीण निफाड तालुक्यातली आहे. तिने आणि आणखी चौघांनी जिल्ह्यातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायचे ठरवले. कल्पना उत्तम. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत, हे आम्हाला तासाला शिकवले होते. तेच डोळ्यांपुढे होते. मग आराखडा सुरू झाला. पंधरा तालुके, प्रत्येकी दहा गावे, प्रत्येक गावी पाच वृद्धा. त्रेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली. ती चार वेळा बदलली. ओव्यांचे वर्गीकरण आधीच ठरले: माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, सीता. कोणता ध्वनिमुद्रक घ्यावा यावर एकमत होईना. तोपर्यंत ज्यांच्याकडे प्रथम जायचे ठरले होते त्या सिन्नरकडच्या एक आजी वारल्या. त्यांना किती ओव्या येत होत्या हे आता कळायला मार्ग नाही.

त्या बातमीनंतर माझी मैत्रीण कोणाला न विचारता रविवारी घरी गेली आणि स्वतःच्याच आजीपुढे वही घेऊन बसली. आजींचे वय ऐंशीच्या पुढे. प्रश्नावलीतले पहिले सहा प्रश्न विचारून झाले, एकही ओवी निघेना. आजी म्हणाल्या, “आगं, असं खुर्चीत बसून कुठं आठवतंय मला? जात्याचा खुंटा हातात आला म्हंजी येती एकामागं एक.” घरातले जाते परसात उपडे पडले होते. ते दोघांनी उचलून ओसरीवर आणले, धुतले, मूठभर ज्वारी घातली. आजींनी खुंटा धरला आणि संध्याकाळपर्यंत अकरा ओव्या वहीत उतरल्या. वर्गीकरणाच्या पाच खणांत त्यांतल्या चारच बसल्या. बाकीच्यांत बैलाचे आजारपण होते, एका मेलेल्या जावेची आठवण होती आणि एक तर सरळ सरळ पाटबंधाऱ्याच्या साहेबाला उद्देशून होती!

त्रेचाळीस प्रश्नांच्या यादीत ‘घरात जाते आहे काय?’ हा प्रश्न नव्हता. तो असायला हवा होता हे खोलीत बसून कोणालाही सुचले नसते. ते कळायला एक आजी आणि एक रविवार लागला. त्या अकरा ओव्या तिने नीट लिहून काढल्या, अवघड शब्दांचे अर्थ आजींना विचारून खाली टिपले, कोणती ओवी कोणाकडून ऐकली तेही नोंदवले आणि आठ पाने टाचून मराठी विभागात नेऊन दिली. सरांनी दोन चुका काढल्या आणि आणखी ओव्या मागितल्या. साखळी एकदा पुरी झाली. आता उरलेल्या चौघांपैकी दोघे आपापल्या गावी गेले आहेत. एक चांदवडला, एक कळवणला. प्रश्नावली फाईलमध्येच आहे, पण तिच्यावर आता पेन्सिलीने खुणा झाल्या आहेत आणि पुष्कळ प्रश्नांवर काट मारली गेली आहे.

आराखडा नकोच, असे मी म्हणत नाही. पंधरा तालुक्यांचे काम आराखड्याशिवाय होणार नाही आणि फाळक्यांनाही हरिश्चंद्रासाठी तो करावाच लागला असणार. सहा महिने सत्तावीस दिवसांचे काम अंदाजाने होत नाही. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. अकराव्या ओवीनंतर काढलेला आराखडा आणि पहिल्या ओवीआधी काढलेला आराखडा यांची तुलना कोणीही करून पाहावी. दोन्ही कागद मराठी विभागाच्या कपाटात आहेत, मागितले तर मिळतील.

सध्या त्यांच्यापुढे अडचण आहे ती वेगळीच. आजींचे जाते गुळगुळीत झाले आहे, ज्वारी धड दळली जात नाही आणि घास अडला की गाणेही अडते. त्याला टाकी लावायला हवी. पूर्वी टाकी लावणारे दारोदार हाक देत येत. आता गावात कोणी येत नाही. परिसरात असा कारागीर कोणाच्या माहितीत असल्यास कृपया मराठी विभागात कळवावे. आजी म्हणतात, दिवाळीच्या आत झाले तर बरे.